फोनला ‘पडायलाय’ कोण शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर 2025 मध्ये मांजरा दोन्ही काठ सोडून वाहत होती, त्या दिवसांतली गोष्ट. माझं माहेर केज तालुक्यात, नदीपासून फार लांब नाही. मी अंबाजोगाईत. दिवसभर फोन लागत नव्हता, लागला तर आवाज तुटत होता. संध्याकाळी मायचा मेसेज आला : ‘पाऊस सुरू आहे. काळजी करू नका.’

तो वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. माय मला ‘करू नका’ म्हणत नाही. चोपन्न वर्षांत एकदाही म्हणालेली नाही. मला वाटलं, फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे आणि घरात असं काही झालंय की जे मला कळू द्यायचं नाही. रात्री साडेनऊला भावाचा फोन लागला तोवर मी घरात येरझाऱ्या घालत होते. कडब्याची गंजी वाहून गेली होती, माणसं आणि जनावरं मात्र सुखरूप होती. पाणी ओसरल्यावर गावी गेले तेव्हा मायला विचारलं, ‘तू मला नका-बिका कधीपासून म्हणायला लागलीस?’ ती म्हणाली, ‘म्या कुठं म्हणले? म्या काळजी करू एवढंच लिव्हलं. म्होरलं त्यानंच आणलं. म्या निस्तं बोट लावलं.’

म्हणजे फोनच्या कीबोर्डवर जी सूचनांची पट्टी येते, तिनं ‘काळजी करू’च्या पुढं ‘नका’ आणून ठेवलं. पहिलं वाक्यही तिचं नव्हतं. माय म्हणते, ‘पाऊस लई पडायलाय.’ तिनं ‘पाऊस’ टंकलं आणि ‘सुरू’, ‘आहे’ हे तयार शब्द समोर आले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला एकेक अक्षर शोधण्यापेक्षा तयार शब्दावर बोट ठेवणं सोपं पडतं, त्यात तिचा काय दोष? मग मी तिचे मागचे मेसेज काढून बघितले. सुरुवातीच्या महिन्यांत ‘कवा येयलीस’, ‘जेवलीस का गं’, ‘म्हस याली’ असं सगळं होतं. चुका होत्या, काना-मात्रा सुटलेल्या होत्या, पण माय बोलायलीय असं वाटायचं. वर्षभरात ते मेसेज हळूहळू सूचनाफलकासारखे झाले. ‘ठीक आहे.’ ‘कधी येणार आहेस?’ ‘धन्यवाद.’ माझ्या मायनं मला धन्यवाद दिले, संपादकसाहेब.

हे पत्र त्यासाठी आहे. थोडं लांबेल, पण विषय माझ्या कामाचा आहे आणि मनाला लागलेला आहे. मी अंबाजोगाईत टंकलेखन संस्था चालवते. सत्तावीस वर्षं झाली. सुरुवात रेमिंग्टन आणि गोदरेजच्या यंत्रांवर केली. मराठी मिनिटाला 30 आणि 40 शब्दांच्या परीक्षेला मुलं बसवली, नंतर संगणक आले तसे तेही शिकवले. टाइपरायटरवर जे दिसतं त्या क्रमानं उमटवावं लागायचं. ‘कि’ काढायचा तर आधी वेलांटी, मग क. ‘भ’ काढायचा तर आधी त्याचा अर्धा भाग, मग काना. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायच्या आताच्या पद्धतीत, उलटं आहे, बोलण्याचा क्रम धरायचा : आधी क, मग वेलांटी. इतक्या वर्षांची बोटांची सवय मोडायला मला चार महिने लागले. पण एक सांगते, टाइपरायटरनं माझ्या तोंडी कधी शब्द घातला नाही. जे दाबलं तेच उमटलं. चूक असली तर ती आपली असायची.

आता या सूचना येतात कुठून, हे माझ्या समजुतीप्रमाणं सांगते, कारण आमच्याकडं बऱ्याच जणांना वाटतं की फोन शहाणा आहे, तो म्हणतो तेच शुद्ध. तसं नाही. कीबोर्डच्या पोटात एक शब्दसंग्रह असतो आणि कोणत्या शब्दाच्या मागून कोणता शब्द जास्त वेळा येतो याचा हिशेब असतो. हा हिशेब आधीपासून लिहिल्या गेलेल्या मजकुरावरून बांधतात. नव्या पद्धतीत त्याची जागा भाषेच्या मोठ्या गणिती नमुन्यानं घेतलीय, तरी तोही वाचलेल्या मजकुरावरच पोसला जातो. शिवाय आपण काय लिहितो हे तो कीबोर्ड आपल्या फोनमध्ये थोडंथोडं टिपत जातो. म्हणजे जे पुष्कळ लोकांनी, पुष्कळ वेळा, यंत्राला वाचता येईल अशा रूपात लिहिलं, ते पट्टीत वर येतं. जे लिहिलं गेलं नाही, ते त्याच्या लेखी नसतंच.

‘पडायलाय’ तिथंच मरतो. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडं ‘पाऊस पडायलाय’ म्हणजे पाऊस पडतोय. ‘जेवायलोय’ म्हणजे जेवतोय. ‘काय करायलीस?’ म्हणजे काय करतेस? प्रमाण मराठीत ‘पडायला’ हा वेगळा शब्द आहे, पडण्यासाठी, पडू लागण्याच्या अर्थाचा. कीबोर्डला तोच ठाऊक. तुम्ही ‘पडायल’पर्यंत पोचलात की तो ‘पडायला’ पुढं करतो, आणि त्याच्या मागून ‘लागला’. शेवटचा ‘य’ टंकला तर शब्दाखाली लाल रेघ येते. ती लाल रेघ बघून माझी बारावीतली विद्यार्थिनी मला म्हणाली, ‘मॅडम, आपलं बोलणंच चुकीचं असतं ना?’ तिला मी काय उत्तर दिलं ते लिहीत बसत नाही. पण ज्या गावात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, त्या गावातल्या पोरीला हा प्रश्न फोननं पाडला, हे मला सहन होत नाही.

दिवाळीत लेक पुण्याहून आली. तिचा आयफोन, माझा अँड्रॉइड आणि भावाचा शेतात वापरायचा बटणांचा साधा फोन, असे तिन्ही फोन ओसरीवर घेऊन बसलो. मी वहीच्या पानावर परिच्छेद लिहून काढला आणि तिघांनी तो आपापल्या फोनवर टंकायचा असं ठरलं. परिच्छेदात मुद्दाम आपल्या रोजच्या गोष्टी घातल्या : ‘शेतकऱ्यांच्या विहिरींत गाळ साचलाय. मळणी झाली, पण रास मोंढ्यावर न्यायची राहिली. आडत्यानं पट्टी दिली नाही. येळवशीला भज्जी, आंबील आणि उंडे केले. पाऊस पडायलाय.’ बाहेरच्यांसाठी सांगते, मोंढा म्हणजे धान्याचा बाजार, आडत्या तिथला दलाल, त्याची पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब, आणि येळवस ही शेतात पूजा करून नैवेद्य दाखवायची अमावास्या, उंडे त्या नैवेद्यातले.

कोणत्या फोननं काय केलं हे नाव घेऊन सांगत नाही, कारण कीबोर्ड दर काही महिन्यांनी बदलतात आणि आजची चूक उद्या दुरुस्त झालेली असू शकते. पण जे घडलं ते असं. ‘मोंढ्यावर’ला एका ठिकाणी ‘मोठ्यावर’ सुचवलं गेलं. ‘येळवशीला’ला दोन्हीकडं काहीच सुचलं नाही आणि एकीकडं स्पेस दाबल्याबरोबर तो शब्द बदलूनच गेला. ‘आडत्यानं’ला ‘आत्यानं’. ‘उंडे’ला ‘अंडे’. येळवशीच्या नैवेद्यात अंडे! ‘पडायलाय’ दोन्हीकडं ‘पडायला’ झाला. भावाच्या बटणांच्या फोनवर सूचना बंदच होत्या. एका बटणावर क ख ग घ ङ अशी पाच अक्षरं, घ काढायचा तर चारदा दाबायचं. त्याला आमच्या तिप्पट वेळ लागला. पण कागदावर होतं तेच, अक्षरानं अक्षर, त्याच्या फोनवर आलं. लेक बराच वेळ तिन्ही फोनकडं बघत बसली.

अँड्रॉइड आणि आयफोन या दोन प्रणालींत फरक काय, असं मला दुकानात फोन घ्यायला निघालेले लोक विचारतात. अँड्रॉइडवर दुसऱ्यांनी बनवलेला कीबोर्ड बसवायची मोकळीक 2009 पासून आहे, 1.5 या आवृत्तीपासून. आयफोनवर ती 2014 मध्ये आयओएस 8 सोबत आली. त्या पाच वर्षांचा मराठीला मोठा उपयोग झाला, कारण अँड्रॉइडवर ज्याला जे सुचलं ते त्यानं करून बघितलं. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रानं 2013 च्या सुमारास ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड काढला. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का कि की कु कू असं चक्र उघडतं. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला ते बघताक्षणी कळतं. माझ्या संस्थेत फोनवर मराठी लिहायला आलेल्या पहिल्या बायका त्यावरच शिकल्या. गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड आधी आयफोनवर आणि मग अँड्रॉइडवर आला, दोन्ही 2016 मध्येच. त्यात मराठीची देवनागरी मांडणीही आहे आणि रोमन अक्षरांत टंकून देवनागरी मिळवायची सोयही. आयफोनच्या स्वतःच्या कीबोर्डला रोमनमधून मराठीची ही सोय सप्टेंबर 2024 मध्ये आयओएस 18 सोबत मिळाली. त्याच आवृत्तीत वर्णमालेच्या क्रमानं अक्षरं लावलेली मांडणीही आली. क, ख, ग जिथं असावेत तिथंच असले की वयस्कर माणसांचा अर्धा त्रास कमी होतो. ही मांडणी आयफोनला द्यायला इतकी वर्षं का लागली, हे मला कळत नाही, पण दिली हे चांगलं केलं.

बोलून लिहायची सोयही आहे. गूगलनं ऑगस्ट 2017 मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत ती दिली आणि आमच्या भागात तिचा फार उपयोग होतो, विशेषतः ज्यांच्या हातांना लिहायची सवय राहिली नाही त्यांना. मायलाही मी सांगून बघितलं, बोलून पाठव. तिला ते नको. ती साठीनंतर साक्षरता वर्गात अक्षरं शिकली. तिला लिहायचं असतं.

आता त्याहून बारीक, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोलगट जागा. ‘आचार्यांना’ वेगळे, ‘आचाऱ्यांना’ वेगळे. हा जो आडवा, पापणीसारखा र, तो हिंदीला लागत नाही, आपल्याला पदोपदी लागतो. आणि मराठवाड्यात सगळ्यात जास्त लिहिला जाणारा शब्द कोणता असेल तर ‘शेतकऱ्यांना’. तोच शब्द फोनवर निम्म्या वेळा ‘शेतकर्यांना’ असा पडलेला दिसतो. फलकांवर, निमंत्रणपत्रिकांवर, पुढाऱ्यांच्या शुभेच्छांवर. माणसाला तो र येत नाही म्हणून नव्हे. कीबोर्डवर तो सापडत नाही म्हणून. संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत तो सरळ आहे, र च्याच चावीवर शिफ्ट धरली की ऱ येतो, पुढं पाय मोडून य. ळ सुद्धा तसाच, ल च्या चावीवर शिफ्ट. फोनच्या कीबोर्डवर मात्र कुठं तो र दाबून धरल्यावर येतो, कुठं दुसऱ्या पानावर दडलेला असतो.

शिवाय युनिकोडमध्ये हा पापणीचा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर घेऊन. दोन, साधा र, पाय मोडायची खूण आणि त्याच्यामागं न दिसणारं एक जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी ते वेगळे. तसंच ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चं. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधी आणि अजूनही कितीतरी जण अ वर चंद्र देऊन काम भागवतात. डोळ्याला फरक नाही. पण शब्द मोजणाऱ्या यंत्रानं हे दोन्ही एकच आहेत असं आधी समजून घेतलं नाही, तर एका शब्दाची मोजणी दोन खात्यांत विभागली जाते आणि दोन्ही खाती लहान पडतात. मग पट्टीत वर येतो तो चुकीचा पण एकगठ्ठा लिहिला गेलेला ‘शेतकर्यांना’. तो समोर दिसतो म्हणून लोक तोच घेतात, आणि लोकांनी घेतला म्हणून तो आणखी वर चढतो.

प्रत्ययांचा प्रश्न याहून मोठा आहे. इंग्रजीत शेताला एक शब्द आणि त्याचं अनेकवचन, एवढ्यात काम होतं. आपल्याकडं शेत, शेतं, शेताला, शेतात, शेतातून, शेताकडं, शेतावरच्या, शेतातल्यांना, शेतातल्यांनाच, शेतातल्यांनाही. शब्दाचं आधी सामान्यरूप होतं, त्याला विभक्ती किंवा शब्दयोगी लागतं, वर ‘च’ आणि ‘ही’ बसतात. नुसती शब्दांची यादी घेऊन बसलात तर ती कधी पुरी होणार नाही. त्यातही ‘विहीर’ दीर्घ आणि ‘विहिरीत’ ऱ्हस्व. हा नियम आम्ही वर्गात घोकून घेतो, पण सूचनांच्या पट्टीत मला ‘विहीरीत’ हे रूप कितीदा तरी दिसलंय. मराठीसाठी कीबोर्ड करणाऱ्यांनी शब्द साठवण्यापेक्षा शब्द घडतो कसा हे यंत्रात घालायला हवं. 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली आहे. एवढ्या लोकांच्या भाषेसाठी ही मागणी जास्तीची नाही.

रोमन अक्षरांत मराठी लिहायची सवय आपल्याला लागली त्याला कारण होतं. साध्या मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरं 160 मावायची आणि देवनागरीत लिहिलं की 70 वरच मेसेज संपायचा, दुसऱ्याचे पैसे पडायचे. ते दिवस गेले, सवय राहिली. आता रोमनमध्ये टंकलेल्याचं देवनागरी कीबोर्ड करून देतो, हे ठीक, पण रोमनमध्ये ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, त आणि ट एकच. कोणता घ्यायचा हे यंत्र ठरवतं, आणि ते जास्त वापराच्या शब्दाच्या बाजूनं ठरवतं. अतिवृष्टीनंतर आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याच्या पुतण्यानं नुकसानीचा अर्ज फोनवर असाच लिहिला. आडनाव मुळे. एम-यू-एल-ई टंकलं, ‘मुले’ आलं. ‘विहिरीत गाळ साचला’चं ‘विहिरीत गाल साचला’ झालं. ‘जमीन खरडून गेली’ हे महसूलच्या कागदांतले नेहमीचे शब्द, त्यातल्या ‘खरडून’च्या जागी ‘खरेदी’ बसलं. त्यानं एकदाही मागं वळून वाचलं नाही. सातबाऱ्यावर मुळे, अर्जावर मुले. एका कार्यालयातून अर्ज परत आला. शेत वाहून गेलेल्या माणसाला एका ळ पायी दोन हेलपाटे पडले. तिसऱ्यांदा मी तो अर्ज माझ्या संस्थेत बसून इन्स्क्रिप्टवर टंकून दिला. त्या दिवसापासून मी येईल त्याला एकच सांगते : नाव, गाव, आडनाव आणि गट नंबर देवनागरी मांडणीवरच लिहा, सूचनेवर बोट ठेवू नका.

आता आपल्या वर्तमानपत्राशी थेट संबंध असलेला मुद्दा. यंत्राला आमची मराठी माहीत नाही, कारण त्याला ती वाचायला मिळालेली नाही. आणि मिळालेली नाही याला आपणही कारण आहोत. युनिकोड 1991 पासून आहे, देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. तरीही पुढची कितीतरी वर्षं मराठी छपाई श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांवर चालली. त्यांनी त्या काळात मराठीचं काम निभावलं हे मी कधी विसरणार नाही, माझं पोटही त्यावर चाललं. पण त्यात लिहिलेला मजकूर फाँट असेल तरच मराठी दिसतो, नसेल तर यंत्राला ती इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची रास असते. जिल्हा आवृत्त्यांच्या बातम्या, दिवाळी अंक, ग्रामपंचायतींचे ठराव, गावोगावच्या संमेलनांच्या स्मरणिका यांतलं कितीतरी अशा फाँटांत किंवा कागदाच्या नुसत्या फोटोत अडकून पडलंय. मोंढा, आडत, बारदाना, कोळपणी, येळवस, फेरफार, मदतमाश हे शब्द त्याच पानांत आहेत. माझ्या गावाचं निजामाच्या काळातलं नाव मोमिनाबाद, जुन्या दस्तांत तेच येतं, तेही तिथंच.

म्हणून माझी विनंती अशी की आपल्या मराठवाडा आवृत्तीचे जुने अंक युनिकोडमध्ये रूपांतरित करून, शोधता आणि वाचता येतील असे खुले करावेत. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेणारी साधनं आहेत. त्यानंतर एका जाणत्या माणसानं मजकूर तपासायला हवा, कारण रूपांतरात नेमका पापणीचा र आणि जोडाक्षरंच बिघडतात. तपासायला माणसं हवी असतील तर मी आणि माझ्या संस्थेतल्या सहा मुली तयार आहोत. पैसे नकोत. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पहिल्या पानावर मोठा मथळा दिला होता. तो अंक मी जपून ठेवलाय. त्याच उत्साहानं हे काम व्हावं.

आमच्या पातळीवर आम्ही काय करायलोय तेही सांगते. दोन्ही प्रणालींत आपले शब्द घालायची जागा आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘डिक्शनरी’ आणि त्यात ‘पर्सनल डिक्शनरी’ असते. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड असं गेलं की ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’. तिथं शब्द लिहायचा, हवं तर त्याचं छोटं रूपही द्यायचं. नको असलेली सूचना जीबोर्डवर दाबून धरून कचऱ्याच्या डब्याकडं ओढली की ती जाते. शब्द आपोआप बदलणारी सोय दोन्हीकडं बंद करता येते, आणि मराठीपुरती ती बंदच ठेवावी असं माझं मत आहे. सुचवायचं तेवढं सुचवा, पण न विचारता बदलू नका. एक अडचण मात्र आहे. हे शब्द ज्या कीबोर्डमध्ये साठवले त्याच्याच खात्यात राहतात. उद्या अँड्रॉइड सोडून आयफोन घेतला, किंवा उलट केलं, तर बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मायक्रोसॉफ्टचा स्विफ्टकी हा कीबोर्ड आपल्या खात्यातून दोन्हीकडं शब्द नेतो, पण तोच कीबोर्ड ऑक्टोबर 2022 मध्ये आयफोनवरून काढून घेतला होता आणि नोव्हेंबरमध्ये परत आणला. म्हणून मी मुलींना सांगते, यादी आधी वहीत लिहा.

त्या वहीत आज 312 शब्द आहेत. मुलींनी आपापल्या आज्यांना विचारून आणलेले. ‘करायलीस’, ‘येयलाव’, ‘जेवायलोय’ अशी क्रियापदं त्यात वेगळ्या पानावर आहेत, कारण एकेक रूप घालावं लागतं. परवा एकीनं विचारलं, ‘पडायलाय घातलं, पडायलेत राहिलं की.’ खरंच राहिलं होतं. आमच्या बाजारपेठेतल्या एका मोबाइल दुकानदारानं कबूल केलंय की नवा फोन देताना तो विचारून मराठी कीबोर्ड चालू करून देईल आणि आपोआप बदल बंद करून देईल. त्याला दोन मिनिटं लागतात. बीड, लातूर, परभणी, नांदेड, कुठल्याही दुकानदाराला लागतील तेवढीच. साक्षरता वर्ग चालवणाऱ्या ताईंनीही हे वर्गात दाखवावं, कारण नव्यानं लिहायला शिकलेलं माणूस सगळ्यात आधी या पट्टीच्या आहारी जातं.

मायच्या फोनमध्ये मी संक्रांतीला गेले तेव्हा 40 शब्द घालून दिले. ‘लई’, ‘कवा’, ‘म्हस’, ‘नगंस’, ‘पडायलाय’. तिनं एकेक बघून घेतला आणि मग म्हणाली, ‘हे तुला कसं म्हाईत, म्या असं बोलते म्हणून?’ गेल्या आठवड्यात अवकाळीचे ढग आले होते. तिचा मेसेज आला : ‘आबाळ लई भरून आलंय. हरबरा झाकायलोत. तू काळजी करू नगंस.’ ‘आबाळ’ आणि ‘झाकायलोत’ मी घातलेच नव्हते. ते तिनं एकेक अक्षर शोधून लिहिले होते.

हे पत्र युनिकोडमध्ये टंकून पाठवते आहे. छापताना ‘शेतकऱ्यांना’मधला र तेवढा बघून घ्यावा. आणि मायची वाक्यं आहेत तशीच ठेवावीत, ही विनंती.

आपली,
एक टंकलेखन शिक्षिका
अंबाजोगाई, जि. बीड